आधी तळ, मग कान

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एक स्मारक आहे. त्यावर कुणी घोड्यावर बसलेलं नाही, कुणी हात उंचावून उभं नाही; तिथे कॅमेरा आहे. बाबूराव पेंटर यांची ती आठवण. बाबूराव मुळात चित्रकार. आनंदराव आणि बाबूराव ही जोडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. पुढे दोघांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. १९१६ साली आनंदराव गेले. त्यानंतर बाबूरावांनी इथल्याच माणसांना हाताशी धरून कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यांचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला. इतकं होऊनही कुंचला खाली ठेवला नाही. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत राहिले.

त्या कोपऱ्यावरून जाताना हे माझ्या मनात हमखास येतं. या गावात कॅमेरा आणि कुंचला एकाच हातात होते. एकामुळे दुसऱ्याचं काही अडलं नाही. मी पुस्तकांसाठी, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते आणि माझ्या पिशवीत दोन्ही असतात: एक जुना, जड कॅमेरा आणि एक वही, दोन-तीन पेन्सिली, रंगांची छोटी डबी. लोक विचारतात, फोटो काढलायस ना, मग परत चित्र कशाला? किंवा उलट, इतकं छान चित्र काढतेस, मग फोटो कशाला? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मला बसल्या जागी सापडलं नाही. ते सुभाषनगरातल्या एका कोल्हापुरी चपलांच्या कारखान्यात सापडलं.

कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. दाराशी पाण्याचं भांडं, त्यात भिजत घातलेलं कातडं. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या त्या कातड्याचा वास आधी नाकाला झोंबतो, मग सवयीचा होतो, मग घरी गेल्यावर ओढणीला येतो आणि बरा वाटतो. खिडकीखाली तात्या बसतात. सगळे त्यांना तात्याच म्हणतात, म्हणून मीही. पुढ्यात दगड, दगडावर कातडं, एका हाताशी कातडं कापायची रापी, दुसऱ्या हाताशी भोकं पाडायची आरी. आत, उंबऱ्याच्या पलीकडे, काकी वेणी घालत असतात. चपलेवरची ती बारीक वेणी बहुतेक बायकाच घालतात, बऱ्याचदा घरकाम आवरता आवरता. विकणाऱ्याच्या तोंडी मात्र त्यांचं नाव येत नाही.

सुरुवातीला मी तिथे फक्त फोटो काढायचे. फोटो उत्तम येत. खिडकीतला उजेड एका बाजूनं येतो, त्यामुळे तात्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या रेघा, नखांच्या कडेला बसलेला काळा रंग, आरीच्या मुठीला हातानं आलेली झिलई, सगळं उठून दिसतं. पण त्या फोटोंवरून मी घरी बसून चपलेचं चित्र काढायला घेतलं की ते चपलेसारखं दिसे आणि तरीही त्यात चप्पल नसे. पट्टा तळाला कुठेतरी चिकटलेला. अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचं ते कडं, नुसतं वरून ठेवलेलं. पायात घातली तर पहिल्याच पावलाला सुटेल, असं काहीतरी.

मग मी तिथेच बसून काढायला लागले. पेन्सिलीला फोटोसारखं सगळं एकदम उचलता येत नाही. कुठलीतरी रेघ आधी घालावी लागते आणि मग दुसरी. तिथेच प्रश्न उभा राहतो की आधी कुठली? पट्टा काढायला जावं तर तो कशाला धरून आहे हे माहीत हवं. तो धरून असतो कानाला. कान म्हणजे चपलेच्या दोन्ही बाजूंना वर आलेले ते चामड्याचे पंख. ते कुठून येतात हे बघायला मान वाकडी केली तर लक्षात येतं की ते तळावर शिवलेले नाहीत, तळाच्या दोन थरांच्या मध्ये घातलेले आहेत. वरचा थर, खालचा थर, मध्ये कान, आणि मग चामड्याच्याच वादीनं सगळं एकत्र शिवलेलं. खिळा नाही. म्हणजे तळ आधी, मग कान, मग शिलाई, मग पट्टा आणि अंगठा, आणि वेणी सगळ्यात शेवटी. मी वहीत ज्या क्रमानं रेघा घालत होते, त्याच क्रमानं तात्या चप्पल बांधत होते.

तात्यांनी मान वर करून वहीत पाहिलं. एरवी कॅमेरा दिसला की ते शर्टाची कॉलर नीट करतात, पाठ ताठ करतात आणि काम थांबवतात. वही दिसली तेव्हा त्यांनी काम न थांबवता नुसती नजर टाकली, मग हात पुढे केला.

“दे बघू ती पेन्सिल, बाळ.”

आणि माझ्या चित्रातल्या टाचेच्या कडेला त्यांनी एकच वळण काढलं. एका झटक्यात, रापी फिरवावी तसं. “हितनं असं आत घ्याचं. न्हाईतर टाच भाईर लोंबती.” ती रेघ माझ्या वहीत अजून आहे. मी इतकी वर्षं रेषेचा अभ्यास करते, पण अशी रेघ माझ्या हातून उतरलेली नाही. तात्यांनी कागदावर चित्र म्हणून ती काढलीच नव्हती. त्यांच्या हातानं कातडं कापलं होतं, फक्त हातात पेन्सिल होती.

माझ्या कामाचा सगळा अर्थ मला तिथे लागला. हातानं केलेल्या वस्तूच्या पोटात तिच्या घडण्याचा क्रम असतो. फोटोत ती वस्तू पूर्ण झालेली दिसते, क्रम त्यात दडलेला राहतो. चित्र काढताना तो क्रम आपल्याला पुन्हा चालून जावा लागतो.

२०२५च्या जूनमध्ये मिलानमधल्या फॅशन शोत प्राडा या कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या तेव्हा त्यांचे फोटो बघता बघता सुभाषनगरातल्या फोनांवर येऊन पोचले. सुरुवातीला कोल्हापूरचं नाव नव्हतं, म्हणून संताप उसळला, आणि तो रास्तच होता. नंतर कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तात्यांनी तो फोटो हातभर लांब धरून पाहिला. रागावले नाहीत. फोटोतल्या चपलेचा अंगठा दाखवत म्हणाले, “वरनं बघून केलंय.” मला वाटतं, त्या सगळ्या वादावर इतकं नेमकं मी कुठेही वाचलं नाही. आकार फोटोतून जगभर जातो, क्षणात जातो. दोन थरांमध्ये दडलेला कान फोटोतून जात नाही.

पण मी फोटोच्या विरोधात नाही, हे मला जोर देऊन सांगायचंय. काही गोष्टी पेन्सिलीच्या हाती लागतच नाहीत. त्यासाठी मला गुऱ्हाळात न्यावं लागेल तुम्हाला.

दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो. पहाटे जावं. चरकातून येणारा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, पडतो तेव्हा त्याचा रंग कुणालाही आवडणार नाही असा असतो, हिरवट, करडा, गढूळ. चुलवाणात चिपाडं पडत राहतात, रस तापतो, मळी वर येते. भेंडीचा चिकट रस घातला की मळी आणखी गोळा होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. मग रंग निवळायला लागतो. आधी पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस. फेसही बदलतो. सुरुवातीला दुधावर यावा तसा बारीक आणि पांढरा असतो, नंतर बुडबुडे मोठे होतात, जड होतात, फुटायला वेळ घेतात. अडीच-तीन तास हे चालतं. गूळ शिजवणारा गुळव्या काहिलीच्या कडेला उभा राहून सगळा वेळ त्या बुडबुड्यांकडे बघत असतो. शेवटी थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांत त्याची गोळी होते का बघतो, आणि मान हलवतो. त्यानंतर कुणाला बोलायला वेळ नसतो. काहील उचलली जाते, पाक गार करायच्या उथळ वाफ्यात ओतला जातो, फावडी फिरायला लागतात.

त्या ओतण्याचं चित्र तिथे उभं राहून काढता येत नाही. पाकाची धार, तिच्यावरून उठलेली वाफ, दोन्ही बाजूंच्या माणसांचे ताणलेले दंड, एकाची मागे गेलेली टाच: हे सगळं काही सेकंदांचं असतं. इथे कॅमेरा हवा. तोही योग्य जागी. दाराकडे पाठ करून उभं राहिलं तर वाफ म्हणजे नुसता पांढरा पडदा दिसतो. दार समोर ठेवून, काहील आपल्या आणि दाराच्या मध्ये घेतली की बाहेरचा उजेड वाफेतून आरपार येतो आणि वाफेला आकार येतो, कडा येतात, तिच्यात माणसं अर्धी बुडालेली दिसतात. बुडबुडे टिपायचे तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडायचं, फावड्याची फिरकी दिसायला हवी तर तिसाव्या. हे आकडे तोंडपाठ असले तरी प्रत्येक गुऱ्हाळात उजेड वेगळा, धुराडं वेगळं, त्यामुळे डोळ्यानं पुन्हा ठरवावं लागतं.

आणि गुऱ्हाळात मी फोननं फोटो काढत नाही. हल्लीचे फोन अंधार उजळवून दाखवतात. काजळीनं काळ्या झालेल्या भिंती, कोपऱ्यातली पोती, छपराचे वासे, सगळं सारख्याच स्पष्टपणे समोर मांडतात. बघायला छान वाटतं. पण गुळव्याला तसं दिसत नाही. त्याच्याभोवती अंधार आहे म्हणून त्याला पाकाचा रंग दिसतो. चुलवाणाच्या तोंडचा जाळ, काहिलीवरचा एक दिवा आणि बाकी काळोख, हे त्याचं कामाचं ठिकाण आहे. तो काळोख पुसला की त्याचं कसब पुसलं जातं. म्हणून मी कॅमेऱ्यात उजेड जाळावर मापून घेते आणि भिंती काळ्या जाऊ देते. एका संपादकांनी असा फोटो पाहून विचारलं होतं, थोडा उजळ करता येईल का? मी नाही म्हटलं आणि कारणही लिहून पाठवलं. फोटो तसाच छापून आला.

रंग मात्र कॅमेऱ्यावर सोडत नाही. गुळव्या एकदा माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकावून म्हणाला, “फोटूत रंग गावत न्हाई बघा.” खरंच गावत नाही. जाळाचा लाल आणि दिव्याचा पिवळा त्यात इतका मिसळतो की गूळ कधी शेंदरी दिसतो, कधी चॉकलेटी. मग मी वहीच्या एका पानावर नुसते ठिपके देत जाते, वरून खाली. वर सॅप ग्रीनमध्ये किंचित काळा. खाली रॉ सिएना, म्हणजे मातकट पिवळा. आणखी खाली रॉ सिएनात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा थेंब. प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या वेळचा बुडबुडा केवढा होता ते गोल काढून ठेवते. ते पान कुणाला दाखवलं तर चित्र वाटत नाही. गुळव्याला दाखवलं तेव्हा त्यानं तळापासून दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं: “हितं उतरवाय पायजे. ह्याच्या खालचा करपला.” त्याला ते पान वाचता आलं!

उजेडावर इतकं बोलतेय तर अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ९, १० आणि ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. परंपरा अशी की पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांशी येतात, दुसऱ्या दिवशी मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखावर. दोनदाच का, याचं उत्तर आकाशात आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकताना नोव्हेंबरात क्षितिजावरच्या एका जागी मावळतो आणि परत फिरताना साधारण त्याच जागी पुन्हा येतो. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी मावळतीची ती जागा नीट पाहून ठेवली असणार. दर वर्षी शहरातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक उपकरणं घेऊन किरणांची तीव्रता मोजतात. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प वाढलं किंवा वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, तर किरणं मध्येच अडतात. मी त्या संध्याकाळी देवळात जात नाही, महाद्वार रोडवर बसते. एरवी त्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या, छत्र्या, वायरी, गर्दी यांचा नुसता गोंधळ असतो. त्या काही मिनिटांत उजेड रस्त्याच्या लांबीनं सरळ येतो आणि प्रत्येक माणसाची सावली देवळाच्या दिशेनं पडते. फुलवालीची, रिक्षाची, आईच्या कडेवरच्या पोराची. त्या सावल्या मी दर वर्षी काढते आणि कुठली नवी इमारत उजेडाच्या आड आली तेही कडेला लिहून ठेवते. ते कुणी तरी लिहून ठेवलं पाहिजे.

रोजचं बघायचं म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं, हे मी आबालाल रहिमान यांच्याकडून घेतलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेला हा चित्रकार. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला. मनात आणलं असतं तर मोठ्या शहरात राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रं करता आली असती. त्यांनी कोल्हापुरात राहून कोटीतीर्थाचं तळं रंगवलं, रंकाळा रंगवला, पंचगंगा रंगवली, आणि पुन्हा तेच रंगवलं. १९३१ साली ते गेले. त्यांची बरीच चित्रं विखुरली, नाहीशी झाली. जी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहेत ती बघायला मी विद्यार्थ्यांना नेते. मुलं आधी म्हणतात, यात काहीच घडत नाहीये. पाणी, झाडं, थोडं आकाश. त्यांना म्हणते, थांबा, अजून बघा. मग एखादी मुलगी म्हणते, हे सकाळचं आहे, आणि पाऊस नुकताच थांबलाय. कसं कळलं विचारलं तर नीट सांगता येत नाही तिला, पण तिचं बरोबर असतं.

रंकाळा तळ्यात संध्यामठ हा दगडी मंडप आहे. तळं भरलं की तो पाण्यात जातो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांब उघडे पडतात. मी काठावरच्या एकाच जागेवरून त्याचे फोटो घेते आणि त्याच पानावर खांबावर पाणी कुठवर आहे त्याची रेघ काढते. जुलैत तिथे जलरंग वापरताच येत नाहीत. हवेत इतकं पाणी असतं की रंगाचा पहिला हात वाळत नाही, दुसरा त्यात वाहून जातो, म्हणून तेव्हा पेन्सिल. मार्च-एप्रिलात उलट होतं, ब्रश कागदाच्या पलीकडल्या टोकाला पोचेपर्यंत अलीकडचा रंग वाळून कडा धरतो. ऋतूप्रमाणे साहित्य बदलतं आणि साहित्याप्रमाणे चित्र. आता ती पानं ओळीनं लावली की रंकाळ्याचा श्वास दिसतो.

महादेव विश्वनाथ धुरंधरही कोल्हापूरचेच. १८९० साली ते जे. जे.त दाखल झाले, पुढे तिथेच शिकवलं. देवादिकांची त्यांची चित्रं घरोघरी होती, पण मला ते जवळचे वाटतात त्यांच्या रस्त्यावरच्या माणसांमुळे. मुंबईतले फेरीवाले, कोळणी, पगडी घातलेले कारकून. लुगड्याचा ओचा कसा खोचलाय, टोपली डोक्यावर ठेवताना हात कुठून जातो, जोडा टाचेत कसा दबलाय. आज मला त्या काळचा प्रसंग रंगवायचा असला तर मी धुरंधरांची चित्रं उघडते. त्यांनी ती माझ्यासाठी काढली नव्हती. समोर होतं ते जिवाभावानं काढलं, इतकंच. ते त्या वेळी सगळ्यांनाच दिसत होतं, म्हणून कुणाला ते टिपून ठेवावंसं वाटलं नसेल. म्हणून मला वाटतं, आजच्या कोल्हापुरातलं जे सगळ्यांना दिसतंय तेच आधी काढायला हवं. रिक्षाच्या मागच्या हाती रंगवलेल्या ओळी. तालमीच्या दारातल्या चपलांचा ढीग. मिसळीच्या दुकानात कट वाढणाऱ्याच्या मनगटाची ती उलटी फिरत.

सध्या मी तात्यांच्या कारखान्यासाठी एक काम करतेय. त्यांचा नातू दहावीला आहे. तो हे काम करेल की नाही ते त्याचं त्यानं ठरवायचंय, पण करायचं झालं तर हाताशी काहीतरी असावं असं तात्यांना वाटतं. म्हणून चप्पल कशी होते त्याचे तक्ते काढतेय, क्रमानं. कातडं भिजवणं, तळ कापणं, टाच, कान, शिलाई. जिथे हाताचा वेग महत्त्वाचा आहे तिथे आधी फोटोंची माळ घेते, मग तात्यांशेजारी बसून त्यातला प्रत्येक टप्पा रेषेत उतरवते. तात्या तपासतात, चुकलं तर त्यांच्या त्या एका झटक्याच्या रेघेनं दुरुस्त करतात, आणि ती रेघ मी खोडत नाही.

वेणीचा तक्ता राहिलाय. काकींची बोटं इतकी भरभर चालतात की कुठला पेड वरून गेला आणि कुठला खालून, हे समोर बसून कळेना. फोटो घेतले, ते सावकाश पुढे-मागे करून पाहिले, रेघाही काढल्या. काकींनी वही फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, “हे उलटं हाय. तुझं डावं ते माझं उजवं. समोर बसून काढतीस कशाला? शिकणारं पोरगं समोर बसत न्हाई, माझ्या मागं बसतंय.”

म्हणून आता स्टूल काकींच्या उजव्या खांद्यामागे ठेवलंय. तिथून त्यांचे हात अगदी माझेच असल्यासारखे दिसतात, कॅमेराही तिथूनच लावलाय. सुरुवातीचे पेड झालेत. शेवटची गाठ कातड्याच्या मागून मारतात, ती वरून दिसत नाही. काकी म्हणाल्यात, रविवारी एक वेणी त्या अर्धी उसवून दाखवतील.